संगीताताईंची तक्रार

संगीताताई खुर्चीत बसल्या की आधी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलायच्या आणि माझ्या टेबलावर ठेवायच्या. दुसऱ्या कुणाची वस्तू जपून ठेवावी तसा. मग म्हणायच्या, "हां, आता बोला वकीलबाई."

शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. हुपरीच्या. घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायच्या. हात इतका बारीक चालायचा की नाजूक काम व्यापारी त्यांच्याकडंच धाडायचे. दोन मुली झाल्यावर तिसरं मूल नको म्हणून एका खाजगी दवाखान्यातून त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या महिन्यात, काम करता करताच हात लुळा पडला. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती.

त्यांना लग्नाआधीपासून अर्धशिशी होती. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं वाकड्यातिकड्या रेषा चमकायच्या. अशा बाईला त्या प्रकारची गोळी देत नाहीत. कितीतरी बायकांना ती काही अपाय करत नाही. पण देण्यापूर्वी विचारावं लागतं, रक्तदाब मोजावा लागतो.

"मला कुनी इचारलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं की. त्यात लपवायचं काय हाय?"

मी त्यांना वाटा समजावल्या. वैद्यक परिषदेकडं गेलं तर डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, पण भरपाई मिळत नाही. पोलिसांत गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं, आणि फार मोठी हयगय दाखवावी लागते. दवाखान्यात फी दिली होती, म्हणून ग्राहक आयोगाकडं जाता येईल, पण दोन वर्षांच्या आत. दीड वर्ष तर उलटूनच गेलं होतं.

"मला त्यांचं वाटोळं करायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्याकडं बघून म्हनावं, चुकलं. एवढं कुठल्या कलमात बसतंय ते बघा."

कुठल्याच कलमात बसत नव्हतं. डॉक्टर आणि औषध कंपनी, दोघांविरुद्ध मी आयोगात तक्रार दाखल केली.

गोळ्यांचं पाकीट दर महिन्याला त्यांचा नवराच आणायचा. तेवढं शपथपत्र द्या म्हणून मी त्याला बोलावून घेतलं. तो आत आलाच नाही, दारातच उभा राहिला. "पाकीट मी आनायचो, त्ये आमच्या आईला म्हाईत न्हाय, म्याडम. मी सही केली तर घरात ऱ्हाता यायचं न्हाय." नातवाची वाट बघणाऱ्या त्या आईला सुनेनं हे परस्पर केलं असं वाटत होतं, आणि त्यानं तसंच वाटू दिलं. तक्रारीची बातमी गावात पसरली तशी संगीताताईंची रवानगी भाड्याच्या एका खोलीत झाली. मुली आजीकडंच राहिल्या. शाळेतून येताना कधी डोकवायच्या, दप्तरही न उतरवता परत पळायच्या.

आयोगात तोंडी उलटतपासणी क्वचितच होते. संगीताताईंची झाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "नवऱ्याच्या चोरून गोळ्या घेत होता, खरं ना? दुकानातून आपल्या मनानंच आणल्या?"

त्या जराही अडखळल्या नाहीत. "सायब, पाकीट त्योच आनायचा. पर त्यो हितं येनार न्हाय, त्येला आईचं भ्या हाय. मला आता कुनाचं ऱ्हायलं न्हाय." मग त्यांनी जपून ठेवलेली दवाखान्याची चिठ्ठी मी पुढं केली. गोळीचं नाव डॉक्टरांच्या अक्षरात होतं. वर छापील 'रक्तदाब' आणि त्यापुढची जागा कोरी.

निकालात डॉक्टरांची हयगय मान्य झाली, भरपाईचा आदेश झाला. कंपनी सुटली, कारण धोक्याची सूचना पाकिटातल्या कागदावर इंग्रजीत छापलेली होती.

"विंग्रजीत व्हय?" संगीताताई म्हणाल्या. "मग ती कुनासाठी लिवलीया?"

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर समोरूनच आले. संगीताताई पुढं झाल्या. "डॉक्टर..." डॉक्टरांनी मोबाइल कानाला लावला आणि ते जिना उतरून गेले. संगीताताई जिन्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलले, पण त्यांना ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका तक्रारीसाठी मी आयोगात गेले, तर बाकावर संगीताताई.

"अहो, निकाल लागला ना? आज कशाला आलात?"

"म्हाईत हाय की." त्या म्हणाल्या, "हितला शिपाई माझं पुरतं नाव घिऊन पुकारायचा, बाई. तिकडं दिस-दिसभर मला कोन हाक मारत न्हाय."

तेवढ्यात माझ्या तक्रारीचा पुकारा झाला. "बसा, आलेच," म्हणून मी आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा बाकावर कुणी अनोळखी माणूस बसला होता.

मी फोन केला. "एसटीत हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कामात हुता, म्हनून न सांगताच आलो."

"पुढच्या वेळी ऑफिसात या. नुसतं बसायला या."

"येतो की."

त्या आल्या नाहीत. मीही गेले नाही. हुपरी काही लांब नाही.