ओहोटीचा हंडा

आमची विहीर ओहोळाच्या काठावर, माझ्या दारापासून दहा पावलांवर. नागोठण्याच्या खाडीला भरती आली की खारं पाणी ओहोळात चढतं आणि काठाच्या मातीतून विहिरीत उतरतं. ओहोटीला उलटं, विहिरीचं पाणी ओहोळात जातं. हे मला सासूने सांगितलं. तिचं माहेर मिठागरावरचं. प्यायचा हंडा ती ओहोटीलाच भरायची. मी चौथीपर्यंत शिकले, पाऊणकीचा पाढा पाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी.

धाकट्या जावेला मी हे कधी सांगितलं नाही. ती पेणची, गणपतीच्या कारखान्यातली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात माझ्या हातचं कालवण तिने कुत्र्यापुढे ओतलं. ती हवं तेव्हा हंडा भरायची. मी बघत असे.

तिला मुतखडा झाला. मग तिने पंचायतीत अर्ज दिला : विहीर बुजवा, फाट्यावरचा नळ पुरे. तिला दोन मोटारसायकलवाले मुलगे. मला कोण? फाट्यापर्यंत माझे गुडघे पोचत नाहीत. विहीर गेली असती तर घोटभर पाण्यासाठी तिच्या दारात बसावं लागलं असतं.

पंचायतीने पाणी मोजणारा साहेब आणला. घाटावरचा. त्याने ओहोळाच्या तळात लोखंडी नळी ठोकली. म्हणाला, नळीतलं पाणी ओहोळापेक्षा वर राहिलं तर जमीन ओहोळाला पाणी देते, खाली गेलं तर ओहोळ विहिरीत शिरतोय.

"मावशी, भरती इथवर येते का?"

"नाय हो. पावसात कधीतरी."

"मग पुन्हा कधी येऊ? चिखलात उतरायचंय, पाणी कमी हवं."

मी बोटांवर हिशेब केला. "एकादशीला दोन वाजता या. सकाळी नको, पूजा असते."

तो तीनदा आला, तिन्ही वेळा मी सांगितलेल्या वेळेला. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं तेही तेव्हाच. कागद आला : विहिरीत ओहोळाचं पाणी येत नाही, पिण्यास हरकत नाही.

जाऊ हसत आली. "वयनी, उगाच विहिरीला बोल लावला. आता बिनघोर पिते."

"पी गो, पोटभर पी. खडा पाण्यानेच सुटतो."

दोन वर्षांनी तिची एक किडनी काढली. पेणच्या दवाखान्यातून रिक्षाने आली, ती घरी जायच्या आधी माझ्या ओट्यावरच बसली. हाताची नुसती काडी झालेली.

"वयनी, आपल्या विहिरीचं घोटभर द्या. तिथल्या पाण्याला चवच नाय."

पुनव होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. घरात माझा ओहोटीचा हंडा काठोकाठ भरलेला होता.

मी कळशी उचलली आणि विहिरीवर गेले.