घारबाईंच्या डोक्यावरच्या दोन ट्यूब

छापखान्यात प्रूफं तपासणाऱ्या बाईंना आम्ही सगळे घारबाई म्हणायचो. ओळीखाली पट्टी सरकवत वाचायच्या आणि चूक दिसली की स्वतःच जीभ चावायच्या, जणू त्यांनीच ती केली होती. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी तिथला वायरमन. त्यांना नीट दिसावं, एवढंच माझं काम. तेवढंही मला जमलं नाही.

साहेबांच्या केबिनमधल्या ट्यूब गेल्या आणि स्टोअरमध्ये नव्या नव्हत्या. बाईंच्या डोक्यावर चार होत्या, त्यातल्या दोन काढून नेल्या.

"बाई, उद्या लावतो हं."

"लाव रे सावकाश," म्हणाल्या.

त्या खोलीला खिडकी नाही, आणि माझा उद्या चार महिने उगवला नाही. विसरलो. दुसरं काही कारण नाही.

बाई भरदुपारी पेंगायला लागल्या. एकच पान तीन-तीनदा वाचायच्या. एरवी इतकी गोड बोलणारी बाई, पण चहावाल्यावर खेकसली. लोक म्हणायचे, "साठी बुद्धी नाठी!" मीही हसलो. मग गणिताच्या पुस्तकात उत्तरांच्या पानांची अदलाबदल झाली, पुस्तकं शाळांत पोचली, आणि साहेबांनी बाईंना घरी बसवलं.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी मला हाक मारली. "दादा, इथे बसलं की नुसती झोप येते. डोकंच चालत नाही. उजेड वाढवा ना!"

शिडीवर चढलो, ट्यूबच्या दोन रिकाम्या पट्ट्या पाहिल्या आणि बाईंना दिलेला तो 'उद्या' आठवला. ट्यूब लावल्या. आठवड्याभरात पोरगी टेबलाशी गुणगुणायला लागली. मी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून हिंडत होतो. शेवटी साहेबांना सांगितलं. "आता जागा भरली," ते म्हणाले, आणि फोन उचलला.

मग बाईंच्या घरी गेलो. बसलोही नाही, दारातच सगळं ओकून टाकलं. वाटलं, थोबाडीत बसेल. बसायलाच हवी होती.

बाई आत वळून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? मला काही झालेलं नाही! डोकं शाबूत आहे माझं! ती उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करा!"

डोळे पुसत त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"देवासारखा आलास रे बाबा."