अर्धं निळं, अर्धं पिवळं

आमच्या घराची वाटणी मी केली. तीही चुन्यानं!

त्याचं असं झालं. अकोल्यात बाबा आणि काका एकाच चुलीवर जेवत. एकोणीसशे साठच्या सुमाराला माझ्या लग्नाचं निघालं आणि मुलीचे वडील, चांदूर रेल्वेचे गणपतराव, घर पाहायला रविवारी येणार, असा निरोप आला. (आधी घर पाहतात, मुलगा मग. बरंच आहे! मला आधी पाहिलं असतं तर घरापर्यंत गोष्ट गेलीच नसती.) लगेच दर्शनी भिंतीला रंग द्यायचं ठरलं.

"निळा देऊ," बाबा म्हणाले. "डोळ्याले थंडा वाटते. ऊन पाह्यलं ना अकोल्याचं?"

"अन् धूळ नाई पाह्यली काय, दादा?" काका उसळले. "पिवळ्यात धूळ लपते!"

आठवडा यातच गेला. शेवटी घरातला एकुलता एक बी. ए. म्हणून मी तोडगा काढला. हातभर पट्टा मारून काय कळतं? अर्धी भिंत निळी करा, अर्धी पिवळी करा, वाळली की मग ठरवा! माझ्या अकलेचं घरभर कौतुक झालं. दोन्ही रंगांची रेघ बरोबर दाराच्या मधोमध आली.

आणि भिंत ओली असतानाच गणपतराव टांग्यातून उतरले. रविवारचे गुरुवारीच!

त्यांनी निळ्याकडे पाहिलं, पिवळ्याकडे पाहिलं, टोपी काढून घाम पुसला.

"वाटनी कवा झाली?"

"वाटनी? काय बोलून राह्यले जी!" बाबा हबकले. "आमी एकच आहो!"

"मंग ही रेघ काहून?"

तेवढ्यात निळ्या खिडकीतून आई ओरडली, "बसा, चहा आनते!" आणि पिवळ्या खिडकीतून काकू, "बसा जी, मी ठेवला चहा!"

गणपतराव टांग्याकडे वळले. "भाऊ-भाऊ फुटले त्या घरात मी पोरगी देत नसतो."

मुलीचा फोटो मला फार म्हणजे फार आवडला होता हो!

बाबांनी झटकन पिवळी बादली ओढली. "थांबा! मले पिवळा चालते!" आणि आपल्या निळ्यावर कुंचला फिरवायला लागले. तिकडे काकांनी निळी बादली धरली. "नाई दादा, तुमचा निळाच!" आणि आपलं पिवळं पुसायला निघाले. दोघांनी असा काही जोर लावला की बघता बघता निळ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं निळं झालं, आणि रेघ जागच्या जागी!

गणपतराव आधी बघतच राहिले. मग हसता हसता मटकन दारातल्या पायरीवर बसले. पायरी ओली होती. त्यांचं धोतर एका बाजूनं निळं झालं, दुसऱ्या बाजूनं पिवळं.

"असं भांडन असन तं चालते मले," डोळे पुसत ते म्हणाले. "पन हे अर्धं-अर्धं सुचवलं कोनं?"

चारही बोटं माझ्याकडे वळली. (आईचंसुद्धा!)

"हाच काय मुलगा? अन् शिकेल आहे म्हनता?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "पोरगी देतो. पन डोकं तिलेच चालवू द्या."

तेव्हापासून आमचं घर गुलाबी आहे. मला गुलाबी रंग बिलकुल आवडत नाही. हे मी आज पहिल्यांदाच बोलतोय, कारण ही चांदूरला माहेरी गेली आहे.