गाशुशाच्या दारावरचा कोरा दगड

फ्रान्सच्या टोकाला, आमच्या बास्क डोंगरात आडनाव लागतं ते फक्त सरकारला. गावाला घराचं नाव पुरतं. ज्या घरात राहाल, त्या घराचे तुम्ही. घरजावईसुद्धा स्वतःचं नाव लाकडी जोड्यांसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो आणि मगच आत येतो. चर्चमधली बसायची जागा घराची, थडगंही घराचंच. घर विकलं की हे सगळं घेणाऱ्याकडे जातं, आणि विकणारा जिवंतपणी आणि मेल्यावरही कुठलाच उरत नाही.

म्हणून बिदेगाइनच्या बेन्यातनं आपलं घर बोर्दोच्या एका दंतवैद्याला विकलं, तेव्हा गावाच्या जिभेला विसावा नव्हता. माझ्या तर नव्हताच. आमचं घर बिदेगाइनच्या शेजारचं.

बेन्यातची धाकटी बहीण गाशुशा बायोन शहरातल्या एका श्रीमंत घरात तीस वर्षं स्वयंपाक करत होती. धाकट्यांनी बाहेर पडायचं, घर एकट्या थोरल्याला ठेवायचं, म्हणजे त्याचे तुकडे होत नाहीत, ही आमची रीत. विक्रीचं तिला कोणी कळवलं नाही. कळलं तेव्हा ती बसमधून उतरली आणि थेट गुत्त्यात शिरली. बेन्यात पत्ते पिसत होता.

"घर अखंड राहावं म्हणून मी बाहेर पडले," ती म्हणाली. "तू ते अखंडच विकलंस."

बेन्यात पुटपुटला की छप्पर गळत होतं. ती म्हणाली, गळतीखाली बादली ठेवतात, विक्रीची पाटी लावत नाहीत. अशा वेळी कोणीतरी मध्ये पडायला हवं होतं. आम्ही सगळे आपापल्या पेल्यात बघत राहिलो, मात्र कान तिच्याकडे ठेवून.

बेन्यात बायोनला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. गाशुशा मात्र परत गेली नाही. रस्त्याखाली मावशीनं तिच्या नावे ठेवलेलं एक कुरण होतं, तिथं तिनं घर बांधायला घेतलं. गवंडी गानिशनं भिंती उभ्या केल्या, दारावर आडवा दगड बसवला आणि विचारलं, नाव काय कोरू? नाव कोरल्याशिवाय आमच्याकडे घर पुरं झालं असं कोणी म्हणत नाही.

गाशुशा म्हणाली, "बिदेगाइन."

गानिशनं छिन्नी खाली ठेवली. गावात एका नावाची दोन घरं असली तर मयताची घंटा कोणासाठी वाजली हे कसं कळायचं? शिवाय बिदेगाइन म्हणजे वाटेच्या वरचं घर, आणि हे तर वाटेच्या खाली. तिनं सांगितलं, मग वाट हलव.

झालं. गावाला नवा उद्योग मिळाला. पाद्रीबाबांनी एका संताचं नाव सुचवलं. ती म्हणाली, त्यांना राहायला स्वर्ग आहे. तिचा पारा पाहून मी 'मिरचीघर' सुचवलं.

"तुझ्या घराला 'जीभ' नाव दे," ती म्हणाली. "दार कधी बंदच नसतं."

हे मी स्वतःच गावभर सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावायला नको.

दगड हिवाळाभर कोरा राहिला. टपालवाला तिचं पत्र हातात धरून विचारायचा, आता तुम्हाला कुठली म्हणू? रोज एकदा तरी ती कोणावर तरी खेकसायची. मग वसंतात दंतवैद्याच्या बायकोनं बिदेगाइनच्या दाराशेजारी एक चकचकीत फरशी लावली. तीवर त्यांच्या फ्रेंच भाषेत लिहिलं होतं, 'माझा विसावा'. दारावरचा जुना नावाचा दगड त्यांनी वेलीखाली झाकून टाकला.

गाशुशानं ते पाहिलं आणि डोक्याला रुमाल बांधला. साक्षीदार हवा म्हणून मीही निघालो. तिनं काही मला बोलावलं नव्हतं. वाटभर ती भांडणाची तयारी करत होती. काही वाक्यं तर इतकी झणझणीत होती की दंतवैद्याचेच दात पडले असते.

पण दंतवैद्य निघाला सभ्य. त्यानं आम्हाला बसवलं, गोड वाइन दिली, तिचं म्हणणं ऐकून घेतलं.

"एवढंच ना, बाई?" तो हसून म्हणाला. "न्या की ते नाव. आम्हाला काही उपयोग नाही."

गाशुशाचा चेहरा असा झाला की मी माझा पेला लांब सरकवला. पाहुण्याला जुनी छत्री द्यावी तसं, ज्या नावाखाली तिची आई पुरली होती ते नाव तो देऊन टाकत होता. ती उठली. वेलीजवळ गेली, दोन्ही हातांनी ती ओरबाडून काढली, आणि दगडावरची अक्षरं उघडी पडल्यावर वळली.

"हे इथलं आहे," ती म्हणाली. "तुमचं नाही, म्हणून तुम्हाला देता येत नाही. आणि मलाही नेता येत नाही."

खाली उतरताना गानिशच्या दारात थांबून तिनं सांगितलं, कोर: 'हे घर गाशुशानं बांधलं'. गानिश म्हणाला की रीतीनं नवरा-बायको दोघांची नावं कोरतात, एकटं बरं दिसत नाही. ती म्हणाली, एकटीनंच बांधलं, एकटंच दिसू दे.

तेव्हापासून ते घर गाशुशाएनेआ, म्हणजे गाशुशाचं. पाद्रीबाबांनी कुरकुरत दफनभूमीतल्या भिंतीजवळची जागा त्या नावावर दिली.

शरद ऋतूत बेन्यात आला. थकला होता. तिसऱ्या मजल्यावर माणूस मेला तर त्याला कुठल्या घरचा म्हणून पुरायचं, हा प्रश्न त्याला झोपू देईना. गाशुशानं त्याला खोली दिली, सूप वाढलं, त्याच्याशी बोलणं मात्र ठेवलं नाही.

रविवारी गुत्त्यात पत्त्यांची चढाओढ होती. गाशुशा वाइनची बाटली घ्यायला आली होती. खेळणाऱ्यांची नावं लिहून घेताना गुत्तेवाल्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठल्या घरचा बेन्यात?

बेन्यात पत्त्यांकडे पाहत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," गाशुशा दारातून म्हणाली.

"गाशुशाएनेआचा," बेन्यात म्हणाला, आणि गुत्तेवाल्यानं पत्ते वाटले.