बाळूदादाच्या बर्फावरची शेवटची मॅच

सिंगापुरात आइस हॉकी बघायला जाणार असाल तर पहिली अडचण स्वेटरची. इथं बारा महिने घाम येतो, स्वेटर असणार कुणाकडे? आम्ही तुआसच्या शिपयार्डातली माणसं, म्हणून वेल्डिंगची जाड जॅकेटं काढली. रविवारची दुपार, भर ऊन, आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बत्तीस जण काखेत चामड्याची जॅकेटं घेऊन. समोरची चिनी आजी उठून लांब जाऊन बसली.

मी नववीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही, भटकायची आहे. एका जागी बसवत नाही म्हणून तर गाव सुटलं. सुट्टीला बेटाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात जातो आणि रूमवर आलो की लगेच इथं ब्लॉगवर लिहितो. ही सफर लिहायला मात्र दोन महिने लागले.

रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बाळूदादा कामाला होता. आमच्या गडहिंग्लजकडचा. गावी दूध संघाच्या चिलिंग प्लान्टवर अकरा वर्षं काढलेली, इथं तो हॉकीचा बर्फ सांभाळायचा. म्हणायचा, "दूध नासलं की वास येतो, बर्फ नासला की आवाज बदलतो." खेळाडूंच्या बुटांची पाती बर्फावर कशी वाजतात ते ऐकून तो सांगायचा, आज थंडी कमी पडली.

टीम पगारी होती. फिनलंडचा गोलकीपर, कॅनडाचे चार, कोरियाचे दोन, बाकी इथली पोरं. शर्टावर पाणमांजराचं चित्र, म्हणून आम्ही त्यांना पाणमांजरंच म्हणायचो. त्या हंगामात ती बऱ्याच मॅच हरली, पण खरं दुखणं वेगळं होतं. बघायला कुणी यायचंच नाही. मी सहा मॅच बघितल्या, दर वेळी पाय पसरून चार खुर्च्यांवर.

शेवटच्या मॅचआधी दादाचा फोन आला.

"संत्या, पोरं घेऊन ये रं. पास फुकट देतो."

"किती आणू?"

"मिळतील तितकी. पैसे लावणारी माणसं बघायला येणार हायेत. खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर पुढच्या वर्षी टीम राहील. न्हाईतर बंद."

टीम बंद म्हणजे दादाचं इथं काम करायचं परमिट बंद. त्याची थोरली पोरगी कोल्हापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

डॉर्मिटरीत मी खोलीखोलीत फिरलो. "हॉकी म्हणजे आपलीच का?" शेजारच्या खोलीतल्या सन्यानं विचारलं. "आपलीच, पण घसरगुंडीवर." चाळीस जण तयार झाले. सन्या आणि सात जण म्हणाले, आम्ही आधी लिटिल इंडियात केस कापतो, जेवतो, मग मागून येतो.

जायचं सोपं आहे. तुआस लिंकला हिरव्या लाइनवर बसायचं आणि उतरायचंच नाही. सव्वा तासात बेटाच्या पार पूर्वेला. भाडं अडीच डॉलरच्या आसपास. मॉलखालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांवर, अंड्याचा पराठा आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्या, वर सगळं दुप्पट महाग. रिंक सगळ्यात वरच्या मजल्यावर.

आत गेलो आणि बत्तीस जणांच्या तोंडून एकदम वाफ निघाली. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसायला लागली. शाळेची मुलं, गोऱ्या बायका, आया, म्हातारे, खुर्च्या खरंच भरल्या होत्या. पैसे लावणारी चार माणसं पुढच्या रांगेत, गळ्यात मफलर.

खेळ वीस वीस मिनिटांचा, तीन वेळा. काळी रबरी चकती इतकी जोरात पळते की आमची पोरं ती दिसायच्या आधीच ओरडायची. पहिल्या भागात दोघांचा एक-एक गोल. मग सुट्टी झाली आणि दादा मोठं मशीन घेऊन बर्फावर आला. हे मशीन बर्फावर गरम पाणी सोडतं. हो, गरमच, त्यानंच तो काचेसारखा होतो. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "बाळूदादा!" मग सगळेच. मग ती शाळेची मुलंही, "बालू! बालू!" मफलरवाले हसत टाळ्या वाजवायला लागले. दादानं मान खाली घालून एक हात जरासा वर केला. एवढा लाजलेला माणूस मी कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात सन्याचा फोन. खाली पोचलोय, पुढच्या दाराला मोठी लाइन आहे. मी म्हणालो, कार पार्कच्या बाजूनं वर या, मागचं दार उघडं ठेवतो.

मागं दोन दारं होती, एकामागे एक. दादानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं न्हाई, बाहेरची दमट हवा आत आली की बर्फ गेला. मला ठाऊक होतं. पण आठ माणसं वाट चुकतील, मॅच चालू होईल, म्हटलं दोन मिनिटांचा प्रश्न. एका दारात माझी पिशवी सरकवली, दुसऱ्यात कचऱ्याचा डबा. आणि मॅच बघायला पळालो.

पोरं लिफ्ट चुकून भलत्याच मजल्यावर गेली. इकडे पाणमांजरांनी दुसरा गोल मारला आणि मी दार विसरलो.

आधी पलीकडची जाळी पुसट झाली. मग खेळाडूंचे गुडघे धुक्यात गेले, मग कमरा. पंचानं शिट्टी मारली. धुकं हलावं म्हणून दोन्ही टीमचे खेळाडू गोल गोल पळायला लागले. आमच्या पोरांना वाटलं हा खेळाचाच भाग. उभं राहून टाळ्या. मी पण वाजवल्या.

मग दादा मागच्या बाजूला धावताना दिसला. परत आला तेव्हा त्याच्या हातात माझी पिशवी होती.

अर्धा तास थांबवून मॅच रद्द झाली. मफलरवाले त्याआधीच गेले होते.

बर्फ गोठवणाऱ्या प्लान्टच्या रूमच्या दाराशी टीमचा मॅनेजर दादाला विचारत होता, कसं झालं हे? मी चार पावलांवर उभा होतो.

"टू मच पीपल, सर. प्लान्ट नॉट इनफ. माय मिस्टेक."

मी पुढं सरकलो. दादानं पिशवी माझ्या छातीवर दाबली. "तुझं परमिट रिन्यूला गेलंय. गप घरी जा."

आणि मी गेलो. परतीच्या गाडीत पोरं खुशीत होती. "बर्फातनं धूर काढत्यात लगा!" सन्या सांगत होता.

दहा दिवसांत टीम बंद झाली. फिनलंडचा गोलकीपर प्लान्ट रूममध्ये येऊन दादाचा हात बराच वेळ धरून उभा राहिला म्हणे. त्याचाही कामाचा पास रद्द झाला होता. दादाला मी चांगी विमानतळावर सोडलं. जातानाही त्यानं माझ्या परमिटचंच विचारलं. गावी दूध संघानं परत घ्यायच्या आधी इथलं पत्र मागितलं. पत्रात लिहिलंय, प्लान्ट नीट सांभाळता आला नाही. अकरा वर्षं ज्याच्या हातनं एक टँकर नासला नाही, तो आता भावाच्या रसवंतीत बसतो.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो, मॅनेजरला खरं सांगायला. टीमचं ऑफिस रिकामं. टेबलंसुद्धा नेलेली. बर्फावर लहान मुलं प्लॅस्टिकचे पेंग्विन धरून घसरत होती. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, मॅनेजर कुठं? "टीम नो मोर ला," असं काहीसं म्हणून तिनं मला तिकिटाचा दर दाखवला.

ऐकून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून रूमवर येऊन इथं लिहिलं. प्लान्ट कमी पडला नव्हता. बाळूदादाची चूक नव्हती. दोन्ही दारं मी, संतोषनं, उघडी ठेवली होती. दूध संघातलं कुणी वाचत असेल तर कृपा करून हे साहेबांना दाखवा.

टाकायच्या आधी दादाला फोनवर वाचून दाखवलं. मागं रसाचा चरक घरघरत होता.

"नाव काढ त्यातनं," म्हणाला.

"तुझं?"

"माझं कशाला? तुझं काढ, येड्या. परमिट जाईल."

काढलेलं नाही.