गोट्यांच्या वाळवंटातलं लपण

सुलक्षणा ठोंबरे रेडिओलॉजिस्ट. नागपूरला शिकली, बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर केंटमध्ये आली आणि तेव्हापासून एकाच हॉस्पिटलमध्ये एक्स-रे आणि स्कॅन वाचत आली. अंधाऱ्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसायचं, एकेक फिल्म बघायची, माइकमध्ये रिपोर्ट बोलायचा, पुढची उघडायची. ज्युनिअर डॉक्टर कुठे अडले की म्हणायचे, सुलक्षणाला दाखवा.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तिने एका लॉरी ड्रायव्हरच्या छातीचा एक्स-रे 'नॉर्मल' म्हणून सोडला. उजव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडामागे, वाटाण्याएवढी सावली होती. ग्रॅहम नावाचा चौपन्न वर्षांचा माणूस. नऊ महिन्यांनी खोकत परत आला तेव्हा ती वाटाण्याएवढी राहिली नव्हती. त्याच हिवाळ्यात तो गेला.

चौकशी झाली. तीच फिल्म आणखी पाच रेडिओलॉजिस्टना दाखवली, तिघांना सावली दिसली नाही. कुणाच्याही हातून होऊ शकली असती अशी चूक, असं पत्र आलं. डिपार्टमेंटमध्ये कुणीतरी लेमन केक आणला. सुलक्षणाने एक तुकडा खाल्ला, थँक यू म्हणाली आणि कामाला बसली. ग्रॅहमच्या बायकोने, जॅनेटने, फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरला भेटायची इच्छा कळवली होती. "यू आर नॉट ऑब्लाइज्ड," हॉस्पिटलने सांगितलं. सुलक्षणाने नाही म्हणून कळवलं.

आता रडू येईल, मग येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही. पुढे दुसऱ्याही गोष्टी यायच्या थांबल्या. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरल्याचा फोन आला, ती "अरे वा" म्हणाली, आणि ते "अरे वा" तिला दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखं ऐकू आलं. जेवण गरम आहे की गार, एवढंच कळायचं. नवरा दीनानाथ लंडनला एका बँकेच्या आयटीत होता. तो म्हणाला, "तू सुटी घे." तिने सहा आठवड्यांची सुटी घेतली. घेऊ नको म्हणाला असता तर घेतली नसती.

सुटीत करायचं काय? केनियाच्या ट्रिपसाठी घेतलेला कॅमेरा आणि लांब लेन्स कपाटात पडून होती. घरापासून पाऊण तासावर डंजनेस. त्याला लोक इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. पाऊस पडतो, त्यामुळे खरं वाळवंट नव्हे. पण नजर पोचेल तिथपर्यंत नुसते समुद्राने गुळगुळीत केलेले गोटे, मध्येच डांबर फासलेलं एखादं लाकडी घर, बंद पडलेलं अणुवीज केंद्र आणि वारा. एकही झाड नाही. सुलक्षणाला ती जागा आवडली असं म्हणता येणार नाही. तिथे काही आवडून घ्यावं लागत नव्हतं, म्हणून ती पुन्हा गेली.

तिथे कीथ नावाचा एक म्हातारा स्वयंसेवक पक्ष्यांवर लक्ष ठेवायचा. तिची लेन्स बघून त्याने तिला गोट्यांमधलं एक घरटं दाखवलं. घरटं म्हणजे काय, जरासा खड्डा आणि त्यात गोट्यांसारखीच दिसणारी चार अंडी. गळ्यात काळा पट्टा असलेल्या चिखल्या पक्ष्याची. वीस-पंचवीस पावलांवर कीथने तिला आपलं कापडी लपण लावून दिलं. इथे त्याला हाइड म्हणतात. आत एक घडीची खुर्ची आणि समोर लेन्सपुरती फट.

"नियम एकच," कीथ म्हणाला. "आपण इथे नाही आहोत. काहीही झालं तरी."

तो नियम तिला फार सोपा गेला. सकाळी साडेसातला ती आत शिरायची आणि दुपारी दोनला बाहेर यायची. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत. एक आला की दुसरा उठे, मध्ये दोन सेकंद अंडी उघडी पडत. ते दोन सेकंद ती टिपायची. फोटो उत्तम यायचे, पक्ष्याच्या डोळ्यात आभाळ दिसण्याइतके स्वच्छ. ती घरी जाऊन ते कॉम्प्युटरवर चढवायची आणि पुन्हा उघडायची नाही.

पाचव्या आठवड्यात मुलगी युनिव्हर्सिटीतून घरी आली. तनिषा एकोणीस वर्षांची, कार्डिफला दुसऱ्या वर्षाला. शनिवारी तीही बरोबर निघाली. दोघी खुर्च्या चिकटवून बसल्या. त्याच पहाटे अंडी फुटली होती. आगपेटीच्या काड्यांवर कापसाचे बोळे ठेवावेत तशी चार पिल्लं गोट्यांवरून पळत होती.

"ओ माय गॉड, आई, किती छोटा आहे तो पिल्लू!" तनिषा कुजबुजली.

दहाच्या सुमाराला सीगल उतरला. मादी लगेच पंख मोडल्यासारखं करत फरफटत दूर जाऊ लागली, त्याने आपल्यामागे यावं म्हणून. सीगल गेला नाही. शांतपणे दोन पावलं चालला आणि एक पिल्लू उचललं. सुलक्षणाने बटण दाबून धरलं. कॅमेरा खटखटत राहिला. सीगलने मान वर केली, गिळलं, दुसऱ्याकडे वळला.

"आई! डू समथिंग!"

"गप्प बस. आपण इथे नाही आहोत."

"व्हॉट?" तनिषाने आईच्या तोंडाकडे बघितलं. दुसरं पिल्लूही गेलं. मग तनिषाने लपणाची चेन ओढली आणि ओरडत, हात हलवत, गोट्यांवरून ठेचकाळत धावली. सीगल उडाला. सुलक्षणाच्या फटीत आता फक्त तिच्या मुलीची पाठ होती, आणि बोट अजून बटणावर.

दोघींनी लपण आवरलं आणि लांब गाडीत जाऊन बसल्या. चाळीस मिनिटांनी दुर्बिणीतून दिसलं, मादी परत आली होती, उरलेली दोन पिल्लं तिच्या पंखांखाली शिरत होती. तनिषाचं रडून झालं होतं. गुडघा सोलवटला होता.

"तुला काहीच वाटलं नाही?"

सुलक्षणाने खरंच आत शोधून बघितलं. "नाही."

"म्हणजे, वाटलं पण तू दाखवली नाही?"

"नाही गं. वाटलंच नाही. बऱ्याच दिवसांत कशाचंच काही वाटत नाही मला."

"बाबाला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

मग तिने गाडीतच तनिषाला ग्रॅहमबद्दल सगळं सांगितलं. चौकशी झाली एवढंच तनिषाला ठाऊक होतं. तो माणूस गेला, हे घरात तिच्यासमोर कुणी बोललं नव्हतं. सांगतानाही सुलक्षणाचा आवाज रिपोर्ट बोलताना असतो तसाच होता. तनिषाने मध्येच एकदा विचारलं, "त्याची बायको भेटली तुला?"

"ती भेटायचं म्हणाली होती. मी नाही म्हटलं."

"आणि आता?" तनिषाने विचारलं.

सोमवारी तिने हॉस्पिटलला ईमेल केला, जॅनेटला अजून भेटायचं असेल तर मी तयार आहे. महिनाभराने भेट ठरली. छोटी खोली, टेबलावर टिश्यूचा डबा, कोपऱ्यात हॉस्पिटलची एक बाई नोंदी घ्यायला. जॅनेट कोट न काढता बसली होती. तिने पहिलंच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही फार घाईत होतात का?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "नेहमीसारखाच दिवस होता. मी नीट बघितलं आणि मला दिसली नाही."

"घाईत होते म्हणाला असतात तर मी उठून गेले असते." मग जॅनेट म्हणाली, "मला दाखवा."

सुलक्षणाने लॅपटॉपवर फिल्म उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. जॅनेट चष्मा लावून पुढे वाकली. सुलक्षणाचं बोट होतं तिथेच तिने आपलं बोट टेकवलं.

"एवढंच?"

"एवढंच. आय ॲम सॉरी."

जॅनेटने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, हातही मिळवला नाही. जाताना दारात थांबून "आलात ते बरं झालं" एवढं म्हणाली.

कार पार्कमध्ये मशीनला तिकीट लावताना सुलक्षणाचा हात इतका थरथरायला लागला की तिकीट आत जाईना. मागे लाइन लागली. तिने मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, बाजूच्या कट्ट्यावर बसली आणि दीनानाथला फोन लावला. तो त्या दिवशी घरूनच काम करत होता.

"मला घ्यायला ये ना," ती म्हणाली.

गाडी तिच्याकडे होती, म्हणून तो बसने आला. वाटेत बस बदलावी लागली, तास गेला. ती तिथेच बसून होती. त्याने तिकिटाचे पैसे भरले, किल्ली घेतली, तिला गाडीत बसवलं.

"घरी जायचं?"

"थोडं थांब," सुलक्षणा म्हणाली. त्याने इंजिन बंद केलं आणि ती बोलायची वाट बघत बसून राहिला.