खालून वाचायची पावलं

"ह्यो डबा मेल्या मानसाचा लिवलेला वाचून दावंल का न्हाय, तवडा सांग. बाकीचा मना कलत न्हाय, बाय."

कमळनं हे विचारलं सालेहाला. सालेहाच्या मांडीवर वहीएवढा कॉम्प्युटर उघडा होता. उचलायला हलका, पोटातही फारसं काही न मावणारा. कुवेतच्या पाहुण्यानं तो मुनीरला, सालेहाच्या बापाला दिला होता. मुनीरला जाऊन अकरा दिवस झाले होते.

सत्त्याण्णव सालातला शुक्रवार. मुनीरच्या कारखान्यात लूमला, म्हणजे मागांना सुट्टी. भिवंडीत हा एकच दिवस असा की माणसाला आपला श्वास ऐकू येतो, आणि कमळला तो कधीच आवडला नाही. खारबावहून येऊन तिनं वीस वर्षं याच कारखान्यात डॉबीच्या, लूमवरच्या नक्षीयंत्राच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकल्या. खुंटी असली की धागा वर, भोक रिकामं असलं की खाली. पट्ट्यांची माळ लूमवर फिरते, कापडात नक्षी उतरते. मुनीर कागदावर फुल्या मारून द्यायचा, ही तो भिंतीला डकवायची आणि तळच्या ओळीपासून वर ठोकत जायची. तिला अक्षर येत नव्हतं. फुली आणि ठिपका यायचा, तेवढ्यावर वीस वर्षं निघाली.

शेवटची माळ मात्र तिनं ठोकली नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला ती दिघाशीला महिनाभर होती. मुनीरनं स्वतःच ठोकली, तीही कागदाशिवाय. आता सगळं कॉम्प्युटरवर, असं तो म्हणायचा. मग एका दुपारी चालत्या लूमपाशी तो कोसळला, तो ती माळ हातात धरूनच. पट्ट्या तुटल्या, खुंट्या गटारात वाहून गेल्या, आणि लूमवर अर्धा तागा तसाच ताणलेला राहिला.

कापड होतं वडप्याच्या केसरीनाथ शेटचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी, पाटावर घालायचं. लाल जमिनीवर पिवळी पावलं, लक्ष्मीची, सगळी एका दिशेनं घरात येणारी. सालेहाचा चाचा सिराज यानं सरळ सांगितलं होतं की तागा नमुन्याबरहुकूम पुरा झाला तर शेट पुढलं काम देईल, लूम चालतील. नाहीतर सोमवारी भंगारवाला येणार. कमळनं विचारलं होतं, मंग मी? सिराज चपलेत पाय घालत म्हणाला, खारबावला मासळी सुकव.

मुनीरची फाइल उघडत नव्हती. नक्षीचा मोठा प्रोग्राम केसरीनाथच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, तो या हलक्या डब्यात मावेना. सालेहानं फाइलवर दोनदा टिचकी मारली की डबा उलट तिलाच विचारी, कशानं उघडू? कल्याण नाक्यावरच्या क्लासात ती प्रोग्राम लिहायला शिकली होती. तिथला एक बारका एडिटर तिनं फ्लॉपीवरून आत घेतला आणि डब्याला बजावलं की बाबाच्या फायली इथून पुढं यातच उघडायच्या.

उघडली. पण पडद्यावर नुसता गिचमिडा. ठिपके चिंचोळे, फुल्या रुंद, एकीखाली एक येईनात. लांब ओळी मधेच मोडून खाली पडत. सालेहानं ओळी मोडणं बंद केलं, मग सगळी अक्षरं सारख्या रुंदीची केली. तशा फुल्या सरसर सरकून रांगेत उभ्या राहिल्या आणि काळ्या पडद्यावर एक पाऊल उमटलं. मग दुसरं.

कमळनं पदर ओढून घेतला. पावलं तीच होती, पण कुठून कुठं चाललीत ते तिला नीट लागेना.

सालेहा वरून एकेक ओळ वाचत गेली, ही ठोकत गेली. चौसष्ट पट्ट्या. संध्याकाळी माळ लूमवर चढली.

शनिवारी सकाळी लूम सुरू झाला. हातभर कापड झालं आणि कमळनं हाताचा दांडा ओढून लूम थांबवला. मुनीरनं विणलेली पावलं ओळीनं आली होती, तो पडला तेव्हा लूम थांबून कापडात उठलेल्या रेघेपर्यंत. रेघेपासून पुढं टाचा होत्या तिथं बोटं. कुणीतरी घरात येता येता उंबऱ्यावर थबकावं आणि उलट्या पावलांनी निघून जावं, तसं.

चौदा पावलं. कमळनं मोजली. सगळा कारखाना खडखडत होता आणि तिच्या कानात शुक्रवार शिरला होता.

"मावशी, बाबा गेला त्याच जागेला गो," सालेहा म्हणाली. तिचा हात कापडाला लागेना.

कमळनं सालेहाला पुन्हा फाइल उघडायला लावली. पडदा वरून दिसतो तेवढाच असतो की खालीही काही असतं, असं विचारलं. खाली काही नाही, सालेहा म्हणाली, नुसत्या रिकाम्या ओळी. तरी जा, कमळ म्हणाली.

सालेहा खाली गेली. रिकामं, रिकामं, पडदाभर रिकामं. अगदी तळाला इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. सालेहानं ती वाचली, तेव्हा तिचा आवाज बापासारखा जाड झाला.

"कमल, नीचे से."

कमळनं हा डबा याआधी कधी बघितला नव्हता. मुनीरनं ही माळ तिला ठोकायला दिली नव्हती. फाइल शेवटची कधी सेव्ह केली ते सालेहानं बघितलं. तो गेला त्याच दिवशी, सकाळी. त्या सकाळी कमळ दिघाशीला नातवाला न्हाऊ घालत होती.

"त्याला म्हायती व्हता, फुडची माल मीच ठोकीन," कमळ म्हणाली. "चल, तलापासून वाच."

चौसष्ट पट्ट्या तिनं नव्यानं ठोकल्या. चौदा पावलं धागा धागा उसवली, उलट्या क्रमानं, रेघेपर्यंत. दुपारी सिराज आला. लूम चालत होता. रेघेच्या अलीकडून आलेली पावलं रेघ ओलांडून घरात चालली होती. त्यानं कापडावर वाकून बघितलं, अंगठा फिरवला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगायला तो स्वतःच गेला.

उसवलेल्या पिवळ्या धाग्याची गुंडाळी कमळच्या मुठीत होती. चुलीत टाकू का, सालेहानं विचारलं. कमळनं ती खुंट्यांच्या डब्यात तळाला दाबून ठेवली, हातोडी उचलली, आणि शेजारच्या लूमची पट्टी मांडीवर घेतली. पडद्यावरची सगळ्यात खालची ओळ सालेहा वाचू लागली.